अण्णांचे प्रश्न

"मल्लिनाथराव, टेकडीवरचा तो दिवा बघा. कुठल्या रंगाचा आहे?"

मी हातातला चहाचा पेला आपटलाच. अर्धा चहा पँटवर सांडला.

"पिवळा," मी म्हणालो. "देवळाचा दिवा आहे. पिवळाच असणार."

"असणार की आहे?"

"आहे."

"आणि दक्षिणेच्या टोकावर?"

"लाल. मोबाइलचा टॉवर."

"शाब्बास," अण्णा म्हणाले आणि पाठ टेकून शांतपणे चहा पिऊ लागले.

त्या 'शाब्बास'नं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होतो. सोलापुरात तंत्रनिकेतनात अठरा वर्षं सर्व्हेइंग शिकवत होतो. पोरांना उन्हात उभं करून "सांग, काय दिसतंय?" असं विचारणं हा माझा धंदा होता, आणि तीन दिवस तोच धंदा माझे सासरे माझ्यावर करत होते.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. माझे सासरे अरविंद चौबळ नौदलातून निवृत्त झालेले. तिथं त्यांनी तरुण पोरांना शिडाच्या होड्या शिकवण्यात हयात घालवली होती. निवृत्तीनंतर त्यांनी अठ्ठावीस फुटी जुनी होडी घेतली, तिचं नाव ठेवलं 'टिटवी'. सासूबाई गेल्यावर तर ती होडीच त्यांचं घर झाली. त्या वर्षी दिवाळीत त्यांनी जाहीर केलं की टिटवी मुंबईहून मालवणला न्यायची आणि तिथल्या मित्राच्या हवाली करायची. "आता पुरे झालं," एवढंच म्हणाले. वय एकाहत्तर.

"अण्णांना एकटं सोडू नकोस," माझी बायको शलाका म्हणाली. "तू जा बरोबर."

"मी? मला पोहतासुद्धा येत नाही."

"तुला पोहायचं नाहीये. फक्त बरोबर राहायचंय. दिवसाच चालवतात ते, रात्री कुठंतरी थांबतात. पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न."

गेलो. पहिला दिवस ओकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी नाकाची साल निघाली. आणि सगळा वेळ अण्णांचे प्रश्न. मल्लिनाथराव, उजवीकडे काही येतंय का? त्या होडीचं तोंड कुठं आहे? शिडाची कड फडफडतेय का, नीट बघून सांगा. जाळ्यावर तरंगणारे बोये किती? चार म्हणालो तर म्हणायचे, परत मोजा. मी परत मोजायचो आणि पाच निघायचे. बोलण्यात कुठं उणं नाही, कायम 'मल्लिनाथराव', कायम 'तुम्ही'; पण चार वर्षांच्या पोराची उजळणी घ्यावी तसा प्रकार. जावयाला एवढं तासतं का कोणी?

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही विजयदुर्गाच्या अलीकडे खारवेळच्या खाडीबाहेर पोचलो. खाडीच्या तोंडाशी पश्चिमेला उघडा असा अर्धगोल. उत्तरेला एक डोंगराचं टोक, दक्षिणेला दुसरं. वारा उत्तरेचा होता म्हणून अण्णांनी उत्तरेच्या टोकाच्या आडोशाला नांगर टाकला. पाणी तळ्यासारखं. मी चहा केला, तोवर दिवेलागण झाली आणि प्रश्न सुरू झाले.

चहा सांडून मी पँट पुसत होतो तेवढ्यात एक मच्छीमार होडी फटफटत जवळ आली. त्यात माझ्याच वयाचा एक काळाभोर माणूस होता. खवणेकर असं नाव त्यानं सांगितलं.

"काकानू, हंयसर रवा नको," तो म्हणाला. "रातचो वारो फिरतलो. दक्षिणेसून येतलो. भितूर खाडयेत येवा. माज्या पाठसून येवा."

मला एवढं बरं वाटलं! आत खाडीत घरं दिसत होती, घरांत दिवे लागत होते. मी नांगराच्या साखळीकडे जायला उठलोसुद्धा.

"नको," अण्णा म्हणाले. "आम्ही बरे आहोत इथं."

"तोंडार रेती आसा, पण माका वाट म्हायती आसा. माज्या पाठसून येवा, कायएक जावचा नाय."

"आभारी आहे. पण नको."

खवणेकरानं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? त्यानं खांदे उडवले आणि तो आत निघून गेला. त्याच्या होडीमागचा फेस अंधारात विरेपर्यंत मी बघत राहिलो.

"अण्णा, तो इथला माणूस आहे."

"हो."

"मग त्याचं ऐकायला काय हरकत होती?"

"अंधारात अनोळखी रेतीवरून जायचं नसतं, मल्लिनाथराव. हा पहिला धडा."

धडा! मी आत जाऊन आडवा झालो. शलाकाला फोन लावला, रेंज नव्हती. मनातल्या मनात तिच्याशीच भांडत झोपलो.

जाग आली ती डोकं लाकडावर आपटून. होडी गदागदा हलत होती. घड्याळात पावणेबारा. बाहेर आलो तर सगळं जग उलटं फिरलेलं. उत्तरेचा वारा गेला होता आणि नैर्ऋत्येकडून नवाच, दमट, जोरकस वारा अर्धगोलात घुसला होता. टिटवीनं नांगराभोवती फिरून तोंड समुद्राकडे केलं होतं. संध्याकाळी जो डोंगर आमचा आडोसा होता, तोच आता आमच्या पाठीशी होता; आणि त्याच्या पायथ्याशी खडप, म्हणजे समुद्रात शिरलेला काळा खडक.

अण्णा सुकाणूपाशी बसले होते. अंगात जुना रेनकोट, हात मांडीवर.

"देवळाच्या दिव्याचं बेअरिंग घ्या," ते म्हणाले.

बेअरिंग म्हणजे दिवा उत्तरेपासून किती अंशांवर दिसतो तो कोन. मी होकायंत्र डोळ्याला लावलं. हे मात्र माझं काम होतं. "एकशे दहा. संध्याकाळी सत्त्याण्णव होतं."

"होडी फिरली ना. आधी नांगराच्या दक्षिणेला होती, आता उत्तरेला. बदलणारच."

"मला कळतं ते. पण तेरा अंशाचा फरक..."

"दहा मिनिटांनी परत घ्या."

दहा मिनिटांनी एकशे पंधरा आलं. मी सांगितलं.

"होडी झोके घेते आहे. झोक्याच्या टोकाला घेतलं असेल तुम्ही."

"अण्णा, मी दोन्ही टोकांना घेऊन मधलं सांगतोय. नांगर सरकतोय."

"परत घ्या."

एकशे एकोणीस आलं. मी ते ओरडूनच सांगितलं. वाऱ्यामुळे नाही, रागानं. एखादा विद्यार्थी तीनदा बरोबर उत्तर देतो आणि मास्तर तीनदा म्हणतो, पुन्हा कर. असल्या मास्तराला मी आमच्या विभागात उभं केलं नसतं.

"हे घ्या," मी होकायंत्र त्यांच्या हातात कोंबलं. "माझ्यावर विश्वास नाही ना? तुम्हीच बघा."

त्यांनी ते डोळ्याला लावलं. बराच वेळ तसेच बसून राहिले. मग खाली घेतलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"काय ठीक आहे? किती आलं?"

"तुमचं बरोबर आहे. पण अजून थांबू. नांगर धरेल कदाचित."

"कदाचित? मागे खडक आहेत! इंजिन लावा, नांगर उचला, इथून निघू. तो माणूस संध्याकाळी कंठशोष करून सांगत होता. तुम्हाला कुणाचं ऐकायचंच नसतं. मी तुमच्या नौदलातला पोरगा नाही, अण्णा. घरी माझी अकरा वर्षांची मुलगी आहे."

ते कपाळाला हात लावून बसले होते. मला वाटलं, माझ्या बोलण्याची किंमतच नाही या माणसाला. जन्मात पहिल्यांदा मी सासऱ्यांवर आवाज चढवला होता आणि त्याचं उत्तर म्हणून त्यांनी नुसती मान एका बाजूला कलती केली.

कलती मान तशीच राहिली. मग एकदम ते उभे राहिले.

"खडप," ते म्हणाले. "ऐकू येतंय? मागे, उजव्या हाताला. पन्नास मीटर असेल, जास्त नाही."

आता मलाही ऐकू आलं. मोठी लाट नव्हती, घुसळल्यासारखा जाडसर आवाज होता, आणि प्रत्येक वेळी थोडा जवळ.

अण्णांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकून सुरू झालं. "पुढं जा. मी हळूहळू पुढं घेतो, तुम्ही साखळी ओढा. नांगर सुटला की ओरडा."

मी रांगत पुढच्या टोकाला गेलो. साखळी ओली, थंड, चिखलानं बरबटलेली. पाणी तोंडावर येत होतं. मी ओढत होतो, ओढलेली साखळी पायाशी पडत होती, बोटांची कातडी सोलत होती. शेवटी एक हिसका बसला आणि वजन हलकं झालं. "सुटला!" मी ओरडलो. टिटवी पुढं झेपावली.

नांगर वर घेऊन मी मान उचलली तेव्हा समोर काहीतरी काळं होतं. लाटेपेक्षा काळं आणि लाटेसारखं न हलणारं. बोयाला बांधलेली मच्छीमार होडी. दिवा नाही, माणूस नाही. आणि आम्ही सरळ तिच्यावर चाललो होतो.

"होडी!" मी ओरडलो. "समोर होडी आहे!"

"कुठल्या बाजूला?"

"समोर! समोर!"

"डावीकडे की उजवीकडे, मल्लिनाथराव?"

त्या क्षणीसुद्धा हा माणूस प्रश्नच विचारत होता. "उजवीकडे वळा!" मी किंचाळलो. टिटवी वळली, पण उशिरा. लाकडावर लाकूड करकरत गेलं. कडाड असा आवाज झाला, मी आडवा फेकला गेलो आणि कठड्याला धरून लोंबकळलो. पाय पाण्यात होते. कसा वर आलो मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती होडी मागं राहिली, आणि मी चार पायांवर धावत सुकाणूपाशी आलो आणि त्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या रेनकोटची कॉलर धरली.

"दिसत नव्हतं का तुम्हाला?"

"नाही," अण्णा म्हणाले.

मी कॉलर तशीच धरून उभा राहिलो.

"नाही म्हणजे?"

"दिसत नाही. काचबिंदू आहे. अंधार पडला की जवळजवळ काहीच नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता, वेळ विचारल्यावर सांगावी तसा. "सुकाणू घ्या तुम्ही. बोलायला वेळ नाही. मला सांगा, लाल दिवा कुठं आहे?"

मी कॉलर सोडली. सुकाणू हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, अंधारात, वाऱ्यात.

"समोर. जरा डावीकडे."

"त्याच्यावर तोंड ठेवा. दक्षिणेच्या टोकाच्या आडोशाला जायचंय. पाण्यात आणखी काही काळं दिसतं?"

"एक आहे. उजवीकडे, लांब."

"जवळ येतंय की तिथंच?"

"तिथंच आहे."

"मग सोडून द्या. खोलीचा काटा वाचा."

"नऊ."

असे आम्ही तो अर्धगोल ओलांडला. ते विचारत होते, मी सांगत होतो, ते काय करायचं ते सांगत होते आणि मी करत होतो. अर्धा तास लागला असेल. प्रश्न तेच होते, आवाज तोच होता. पण आता एकही उत्तर मी 'असणार' म्हणून दिलं नाही. डोंगराच्या आड आलो तसा वारा डोक्यावरून जाऊ लागला, पाणी बसलं. काट्यावर सहा आलं तेव्हा अण्णा चाचपडत, एकेक दोर हातानं ओळखत पुढं गेले आणि त्यांनी नांगर टाकला. साखळीवर दर पाच मीटरला चिंध्या बांधल्या होत्या, त्या त्यांनी बोटांनी मोजल्या. चाळीस मीटर सोडली. मी बेअरिंग घेतलं, दहा मिनिटांनी परत घेतलं, पुन्हा घेतलं. आकडा बदलला नाही.

इंजिन बंद केलं. मग मी त्यांच्यासमोर बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कळून सहा महिने झाले. त्याआधी वर्षभर मी म्हणत होतो, चष्मा बदलायला झाला. बाजूचं सगळं गेलंय. दिवसा समोरचं नीट दिसतं. गेलं ते परत येत नाही म्हणाला डॉक्टर."

"आणि तीन दिवस तुम्ही मला विचारत होता..."

"मी तुम्हाला शिकवत नव्हतो, मल्लिनाथराव. मला माहीत करून घ्यायचं होतं."

"मग तसं सांगायचं! त्या खवणेकराच्या मागे का गेलो नाही आपण? नांगर सरकतोय हे कळूनही अर्धा तास का बसून राहिलात?"

"नांगर उचलला असता तर मला चालवावी लागली असती."

एवढं सरळ उत्तर. या एका कारणापायी मी खडकावर फुटून मेलो असतो.

"माझ्या जिवाशी खेळलात तुम्ही," मी म्हणालो.

"हो."

"शलाकाला माहीत आहे?"

"नाही. आणि सांगू नका. एवढी फेरी पुरी होऊ द्या. मालवणला होडी ठेवली की मी स्वतःच..."

"नाही," मी म्हणालो. "सकाळी रेंज आली की तुम्ही सांगाल. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. आणि मालवणपर्यंत सुकाणू मी धरणार. फक्त दिवसा."

उजाडेपर्यंत आम्ही दोघं हातभर अंतरावर बसून होतो. राग काही जात नव्हता. त्यांची कीव यावी असं वाटत होतं, ती येत नव्हती, आणि त्याचाही राग येत होता.

सकाळी वारा पडला. आम्ही पहिल्यांदा त्या धडकलेल्या होडीकडे गेलो. तिच्या कडेची फळी फुटली होती. खवणेकर तिथं आधीच हजर होता. होडी त्याच्या भावाची निघाली. कमरेवर हात ठेवून तो आमच्याकडे बघत राहिला. आता शिव्या ऐकायच्या, म्हणून मी तोंड उघडणार, एवढ्यात अण्णा पुढं झाले.

"मी धडकवली," ते म्हणाले. "मला रात्रीचं दिसत नाही."

खवणेकरानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दिसना नाय तर काल सांगाचा मां!" तो म्हणाला. "हात धरून नेलंय असतंय."

अण्णांनी मान खाली घातली. रात्री मी कॉलर धरली तेव्हाही घातली नव्हती.

दुपारपर्यंत ते दोघं फळी बसवत होते. उन्हात समोरचं अण्णांना चांगलं दिसत होतं. खिळे त्यांनीच ठोकले. मी किनाऱ्यावर रेंज शोधत फिरलो. एका माडाखाली दोन रेघा आल्या. मी अण्णांना हाक मारली, शलाकाचा नंबर लावला, फोन त्यांच्या हातात दिला आणि हाताची घडी घालून समोर उभा राहिलो.

"शलाका? हो, हो, मजेत. काल जरा वारा होता. मल्लिनाथरावांनी काय होडी चालवली! तुला खोटं वाटेल. हो... जेवण वगैरे व्यवस्थित..."

मी हललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तसाच उभा.

"आणि," ते म्हणाले. थांबले. "आणि एक सांगायचं होतं. माझे डोळे... काचबिंदू झालाय मला. बरेच दिवस झाले."

पलीकडून ती काहीतरी बोलली. अण्णांचा चेहरा बदलला. त्यांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं आणि परत कानाला लावला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मग फोन बंद करून माझ्या हातात दिला.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"घरच्या कपाटात डॉक्टरची फाइल सापडली होती म्हणे. चार महिन्यांपूर्वी. म्हणूनच तुम्हाला पाठवलं माझ्याबरोबर." आणि मग एकदम त्यांचा पारा चढला. "कमाल आहे! चार महिने ही मुलगी माझ्याशी खोटं बोलत होती? स्वतःच्या बापाशी?"

मी वळलो, चालत पाण्यापर्यंत गेलो आणि एक शंख उचलून जोर लावून समुद्रात फेकला. मग दुसरा. मग हाताला येईल ते.

मालवणला पोचायला दोन दिवस लागले. सुकाणू मी धरलं. अण्णा विचारत होते, मी सांगत होतो. शलाका रात्रीच्या गाडीनं येऊन धक्क्यावर उभी होती. तिनं वडिलांचा हात धरून त्यांना उतरवलं, त्यांच्याशी काहीतरी बोलली, ते हसलेसुद्धा. मग ती माझ्याकडे आली. माझ्या सोललेल्या हातांवरच्या पट्ट्या तिनं पाहिल्या.

"रागावलायस?"

"मी बुडालो असतो, शलाका."

"मला वाटलं नव्हतं एवढं झालं असेल. ते म्हणाले होते दिवसाच चालवीन."

"मला एका शब्दानं सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू गेला असतास?"

"नाही."

"तू गेला नसतास तर ते एकटे गेले असते."

मी तिथंच होडीच्या दोरावर बसलो. अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली, शेवटची तीन वर्षं आमच्याकडेच होते, पूर्ण आंधळे. जेवताना मी त्यांना ताटात कुठं काय वाढलंय ते सांगायचो. शलाकाशी माझं सगळं नीट आहे. पण त्या धक्क्यावर ती जे बोलली त्याला मी तेव्हा काही म्हणू शकलो नाही आणि आजही म्हणू शकत नाही. ती बरोबर होती, आणि मी अजून रागावलेला आहे.